जुन्या कॉलेज फुटबॉलचा हंगाम कसा वाचायचा: मिशिगन, १९०५

१८९६ साली अमेरिकी फुटबॉलच्या एका सामन्यात लाफायेत कॉलेजने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला (पेन) ६-४ असं हरवलं आणि पेनची सलग विजयांची लांबलचक मालिका तोडली. त्या वर्षी टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, ४ गुण होते आणि त्यानंतर खांबांमधून मारलेल्या गोलला २. म्हणजे दोन्ही संघांनी एकेक टचडाउन केलं, लाफायेतचा गोल बसला, पेनचा बसला नाही. हाच ६-४ नऊ वर्षांनी कुठे दिसला, तर अर्थ पार बदलतो. १९०५ मध्ये ६ म्हणजे बहुधा टचडाउन आणि गोल, आणि ४ म्हणजे जवळजवळ नक्की एक फील्ड गोल, म्हणजे खेळ चालू असताना खांबांमधून मारलेला चेंडू. हरलेला संघ गोलरेषा ओलांडू शकलाच नसावा.

अमेरिकी फुटबॉलचे जुने निकाल वाचताना चुका होतात त्या इथेच. वाचणाऱ्याच्या डोक्यात आजचे नियम असतात आणि समोरचा आकडा दुसऱ्याच नियमांनी तयार झालेला असतो. जुनं क्रिकेट वाचणाऱ्यांना याची सवय आहे. इंग्लंडमध्ये १८८९ ते १८९९ या काळात षटक पाच चेंडूंचं होतं. ते माहीत नसेल तर त्या काळातल्या गोलंदाजाचं पृथक्करण चुकीचं वाचलं जातं. फुटबॉलमध्ये हा प्रकार दर दोन-चार वर्षांनी झाला आहे.

खाली एकच हंगाम घेऊन पद्धत दाखवली आहे: मिशिगन विद्यापीठ, १९०५. तो निवडण्याचं कारण असं की त्यात १३ सामने आहेत, प्रतिस्पर्धी अगदी लहान कॉलेजांपासून तुल्यबळ विद्यापीठांपर्यंत आहेत, आणि शेवटचा निकाल असा आहे की नियम न कळता तो समजतच नाही.

आधी साल, मग आकडा

वहीच्या पहिल्या पानावर हे गुणमूल्य उतरवून घ्या. पुढे प्रत्येक वेळी इथे परतावं लागेल.

१८८४ ते १८९७: टचडाउन ४, त्यानंतरचा गोल २, फील्ड गोल ५, सेफ्टी २
१८९८ ते १९०३: टचडाउन ५, गोल १, फील्ड गोल ५, सेफ्टी २
१९०४ ते १९०८: टचडाउन ५, गोल १, फील्ड गोल ४, सेफ्टी २
१९०९ ते १९११: टचडाउन ५, गोल १, फील्ड गोल ३, सेफ्टी २
१९१२ पासून: टचडाउन ६, गोल १, फील्ड गोल ३, सेफ्टी २

टचडाउन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणं. फील्ड गोल म्हणजे खेळ चालू असताना चेंडू आडव्या दांडीवरून, दोन खांबांच्या मधून मारणं. सेफ्टी म्हणजे संघाचा खेळाडू चेंडूसकट स्वतःच्याच गोलरेषेमागे अडकणं, आणि तिचे २ गुण समोरच्या संघाला मिळतात. १९०५ साठी तिसरी ओळ लागू.

या ओळींकडे नीट पाहिलं तर खेळाची दिशाच दिसते. फील्ड गोल ५ वरून ४ आणि मग ३ वर उतरला, टचडाउन ४ वरून ५ आणि मग ६ वर चढलं. लाथेच्या खेळातून धावण्याच्या आणि पुढे फेकण्याच्या खेळाकडे ही वाटचाल आहे, आणि ती नियमकर्त्यांनी जाणूनबुजून केली.

हंगाम एका पानावर

मिशिगनचा १९०५ चा पूर्ण कार्यक्रम असा होता. मिशिगनचे गुण आधी.

३० सप्टेंबर, शनिवार: ओहायो वेस्लियन ६५-०
४ ऑक्टोबर, बुधवार: कॅलमझू ४४-०
७ ऑक्टोबर, शनिवार: केस ३६-०
११ ऑक्टोबर, बुधवार: ओहायो नॉर्दर्न २३-०
१४ ऑक्टोबर, शनिवार: व्हँडरबिल्ट १८-०
२१ ऑक्टोबर, शनिवार: नेब्रास्का ३१-०
२५ ऑक्टोबर, बुधवार: आल्बियन ७०-०
२८ ऑक्टोबर, शनिवार: ड्रेक ४८-०
४ नोव्हेंबर, शनिवार: इलिनॉय ३३-०
११ नोव्हेंबर, शनिवार: ओहायो स्टेट ४०-०
१८ नोव्हेंबर, शनिवार: विस्कॉन्सिन १२-०
२५ नोव्हेंबर, शनिवार: ओबरलिन ७५-०
३० नोव्हेंबर, गुरुवार: शिकागो ०-२

सर्वांत आधी बेरीज करा. मिशिगनचे ४९५, विरोधकांचे २. हंगामाची प्रसिद्ध एकूण गुणसंख्या हीच आहे, म्हणजे यादीत एकही सामना सुटलेला नाही आणि एकही दोनदा आलेला नाही. जुन्या हंगामांच्या बाबतीत ही तपासणी टाळू नका. स्तंभाची बेरीज आणि छापील एकूण यांत फरक आला, तर दहापैकी नऊ वेळा एखादा बुधवारचा सामना सुटलेला असतो.

दुसरी तपासणी वारांची. त्या काळात कॉलेजचे सामने बहुतेक शनिवारी होत. हंगामाच्या सुरुवातीला जवळच्या लहान कॉलेजांशी मधल्या बुधवारी सामना ठेवत, आणि शेवट थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी. १९०५ मध्ये तो ३० तारखेला आला. यादीत एखादी तारीख सोमवारी किंवा रविवारी पडत असेल, तर तिच्यावर शंका घ्या. पुष्कळदा ती सामन्याची नसते, बातमी छापून आलेल्या अंकाची असते.

संगणकावर तक्ता करणार असाल, तर दोन अडचणी हमखास येतात. एक्सेलमध्ये १२-१ असं टाइप केलं की ते एखादी तारीख होऊन बसतं. म्हणून निकालाचा स्तंभ आधीच मजकूर म्हणून ठरवा, किंवा दोन्ही संघांचे गुण वेगवेगळ्या स्तंभांत ठेवा. दुसरा मार्ग चांगला, कारण बेरीजही करता येते. दुसरी अडचण तारखांची. एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून घेतच नाही. १८९६ किंवा १८९९ चा हंगाम भरायचा असेल, तर वर्ष, महिना आणि दिवस असे तीन स्तंभ करा आणि वार हाताने लिहा.

स्तंभ एवढे पुरतात: तारीख, वार, प्रतिस्पर्धी, स्थळ, आपले गुण, त्यांचे गुण, टचडाउन, गोल, फील्ड गोल, सेफ्टी, अर्धाची लांबी, टीप. शेवटी एक पडताळणीचा स्तंभ ठेवा, ज्यात टचडाउन गुणिले ५, अधिक गोल, अधिक फील्ड गोल गुणिले ४, अधिक सेफ्टी गुणिले २ अशी बेरीज येईल. ती निकालाशी जुळली नाही, तर वर्तमानपत्रातली फोड चुकली आहे किंवा तुम्ही चुकीच्या वर्षाचं गुणमूल्य वापरलं आहे.

निकालाची फोड

१९०४ ते १९०८ या पाच वर्षांत कुठल्याही संघाचे गुण १ किंवा ३ असू शकत नाहीत. २, ४, ५, ६ यांच्या बेरजेतून ते निघतच नाहीत. १९०५ च्या यादीत कुणाच्या नावापुढे ३ दिसला, तर तो ८ चा अर्धा पुसलेला ठसा असेल किंवा दुसऱ्या वर्षाचा सामना चुकून इथे आला असेल. स्कॅन केलेल्या जुन्या वर्तमानपत्रांत ० आणि ६, ३ आणि ८, ५ आणि ६ यांची अदलाबदल सर्रास होते. शोधयंत्राने काढलेल्या मजकुरावर भिस्त ठेवू नका, पानाचं चित्र मोठं करून बघा.

लहान आकडे जवळजवळ सरळ वाचता येतात. २ म्हणजे एक सेफ्टी, दुसरं काही नाही. ५ म्हणजे गोल हुकलेलं एक टचडाउन. ४ म्हणजे फील्ड गोल (दोन सेफ्टी क्वचितच). येलने १९०५ च्या संपूर्ण हंगामात फक्त ४ गुण दिले, तेही प्रिन्स्टनला, २३-४ अशा सामन्यात. १० नोव्हेंबर १९०६ रोजी मिनेसोटाने शिकागोला ४-२ असं हरवलं. आजच्या प्रेक्षकाला हा निकाल छपाईची चूक वाटेल. प्रत्यक्षात बॉबी मार्शल या कृष्णवर्णीय खेळाडूने मारलेला एक फील्ड गोल आणि समोर एक सेफ्टी, एवढीच त्या सामन्याची कमाई होती.

आकडा वाढला की वाटा फुटतात. विस्कॉन्सिनविरुद्धचे १२ गुण ६ अधिक ६ असू शकतात, ५ अधिक ५ अधिक २ असू शकतात, ६ अधिक ४ अधिक २ किंवा तीन फील्ड गोलही. निकालावरून अंदाज बांधून 'दोन टचडाउन' असं लिहून टाकण्याचा मोह होतो, तो आवरा. फोड वर्तमानपत्राच्या सारांशातूनच घ्यायची. सारांश मिळाला नाही, तर रकाना रिकामा ठेवा.

आणखी एक मोह म्हणजे जुन्या गुणांना सहा पंचमांशाने गुणून आजचे गुण काढणं. हे गणित चुकीचं आहे, कारण फक्त टचडाउन वाढलं, गोल तेवढाच राहिला आणि फील्ड गोल घटला. १ जानेवारी १९०२ च्या पहिल्या रोझ बोलमध्ये (हंगामानंतरच्या खास सामन्यात) मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० हरवलं. त्यात ८ टचडाउन, त्यांपैकी ४ वर गोल, आणि १ फील्ड गोल होता: ४० अधिक ४ अधिक ५. आजच्या मूल्याने ४८ अधिक ४ अधिक ३, म्हणजे ५५. तुलनेसाठी ही बेरीज करायला हरकत नाही, पण निकाल म्हणून कुठेही ४९ च लिहा. आणि हा सामना जानेवारी १९०२ मध्ये झाला तरी तो १९०१ च्या हंगामात मोजतात.

आठांपैकी चारच गोल का? त्या काळी टचडाउननंतरचा गोल आजच्यासारखा आयता नव्हता. चेंडू जिथे टेकवला त्या बिंदूच्या सरळ रेषेत मैदानात मागे आणून तिथून लाथ मारायची. टचडाउन कोपऱ्यात झालं असेल, तर कोन इतका तिरका होई की खांब एकमेकांना चिकटल्यासारखे दिसत. मग 'पंट-आउट' हा पर्याय होता: एका खेळाडूने गोलरेषेमागून चेंडू आपल्याच सहकाऱ्यांकडे उंच मारायचा, त्यांच्यापैकी कुणी तो झेलायचा आणि झेललेल्या जागेवरून गोलचा प्रयत्न करायचा. झेल सुटला की संधी गेली. ही पद्धत १९२० मध्ये रद्द झाली. त्यामुळे ५ आणि ६ मधला तो एक गुण म्हणजे अनेकदा बचाव फळीने धावपटूला कडेला ढकलल्याची पावती असते.

सामन्याचा सारांश कसा वाचायचा

बातमीच्या शेवटी छापलेली संघयादी तीन स्तंभांत असते: डावीकडे एक संघ, मध्ये जागेचं संक्षिप्त नाव, उजवीकडे दुसरा संघ. अकरा जागा अशा: डावा एंड, डावा टॅकल, डावा गार्ड, सेंटर, उजवा गार्ड, उजवा टॅकल, उजवा एंड, क्वार्टरबॅक, दोन हाफबॅक, फुलबॅक. मधल्या स्तंभातली जागा पहिल्या संघाची असते. दुसऱ्या संघाचा खेळाडू त्याच्या समोर उभा राहतो, म्हणून डाव्या एंडच्या ओळीत समोरच्यांचा उजवा एंड छापलेला असतो. हे लक्षात न घेतल्याने कित्येक याद्यांत संपूर्ण फळी उलटी नोंदली गेली आहे.

जर्सीवर क्रमांक नव्हते. बातमीदार मैदानाच्या कडेला उभा राहून धूळ नाहीतर चिखल माखलेली माणसं ओळखत असे. त्यामुळे एकाच टचडाउनचं श्रेय दोन वर्तमानपत्रांत दोन वेगळ्या खेळाडूंना मिळालेलं दिसेल. अशा वेळी दोन्ही गावांची पत्रं पाहा. आपल्या खेळाडूंबद्दल त्यांच्या गावचं पत्र अधिक भरवशाचं असतं.

अकराही जण आक्रमण आणि बचाव दोन्ही खेळत. १९०५ मध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नव्हता. पुढच्या सत्राच्या सुरुवातीला परत येण्याची मुभा १९१० मध्ये आली. म्हणून 'अमुकच्या जागी तमुक' असं छापलं असेल, तर ते त्या सामन्यापुरतं कायमचं समजा. नावांमध्ये मधली रेषा किंवा स्वल्पविराम असतो, पहिला खेळाडू सुरुवातीचा.

'अर्धाची वेळ' ही ओळ बहुतेक लोक वगळतात, आणि सर्वांत जास्त माहिती तिथेच असते. १९०५ च्या नियमाप्रमाणे सामना ३५-३५ मिनिटांच्या दोन अर्धांचा होता, पण दोन्ही कर्णधार ठरवून तो लहान करू शकत. हंगामाच्या सुरुवातीच्या आणि दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांबरोबरच्या सामन्यांत हे वारंवार होई. ४५ मिनिटांत झालेले ४४ गुण आणि ७० मिनिटांत झालेले ४४ गुण एकाच मापाने मोजता येणार नाहीत. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांच्या मिशिगन संघांना 'मिनिटाला एक गुण' असं नाव पडलं होतं. १९०१ ते १९०५ या पाच हंगामांत त्यांनी २,८२१ गुण केले आणि ४२ दिले. हे नाव खरं की कौतुकाचं, हे ठरवायचं असेल तर भागाकारासाठी प्रत्यक्ष खेळलेली मिनिटंच लागतील.

यार्डांच्या आकड्यांबाबत जपून. १९०५ चं मैदान गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत ११० यार्डांचं होतं, किकऑफ (खेळ सुरू करणारी लाथ) मध्यावरच्या ५५ यार्ड रेषेवरून होई, आणि गोलखांब गोलरेषेवरच उभे असत. त्यामुळे १०५ यार्डांची धाव छापलेली दिसली तर ती अशक्य नाही. १९१२ मध्ये मैदान १०० यार्डांचं झालं आणि दोन्ही टोकांना १० यार्डांची पट्टी आली. राष्ट्रीय पातळीवर अधिकृत आकडेवारी ठेवायला सुरुवात १९३७ मध्ये झाली. त्याआधीचे 'एकूण यार्ड' म्हणजे कुणीतरी बातमीतून केलेली बेरीज.

चेंडू राखण्याचा नियमही वेगळा होता: तीन डाउनमध्ये, म्हणजे तीन प्रयत्नांत, ५ यार्ड पुढे जायचं. दोन-दोन यार्ड रेटत नेलं तरी पुरत असे, आणि त्यातूनच तो गर्दीचा, दुखापतींचा खेळ तयार झाला. चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगीच नव्हती. १९०५ च्या सामन्याच्या वर्णनात 'पास' हा शब्द आला, तर तो बाजूला किंवा मागे दिलेला चेंडू आहे, पुढचा नाही.

२-० चा सामना

आता ३० नोव्हेंबर. शिकागोच्या मार्शल फील्डवर दोन अपराजित संघ. एका बाजूला योस्ट, दुसऱ्या बाजूला १८९२ पासून शिकागोला घडवणारे प्रशिक्षक ॲमॉस ॲलोन्झो स्टॅग. मिशिगनने त्या हंगामात तोवर एकही गुण दिला नव्हता.

दुसऱ्या अर्धापर्यंत कुणालाच गुण नाही. मग शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलने मारलेला उंच पंट (हातातून सोडून लाथाडलेला चेंडू) मिशिगनच्या गोलरेषेमागे गेला. मिशिगनच्या डेनी क्लार्कने तो घेतला. इथे नियम समजून घ्या. समोरच्या संघाने लाथाडलेला चेंडू आपल्या गोलरेषेमागे आला आणि आपण तो तिथेच टेकवला, तर तो टचबॅक: गुण कुणालाच नाही, आणि मिशिगनला पुढे चेंडू बाहेर मारायला मिळाला असता. क्लार्कने तो टेकवला नाही, बाहेर धाव घेतली. गोलरेषा ओलांडून तो मैदानात आला आणि शिकागोच्या खेळाडूंनी त्याला धडक देऊन परत रेषेमागे नेलं. चेंडू एकदा मैदानात आला होता, त्यामुळे आता तो मागे गेला ती सेफ्टी. २ गुण, आणि सामना तिथेच ठरला.

खेळाडू पुढे जिथवर पोचला तिथे चेंडू धरण्याची आजची रीत डोक्यात ठेवून हे वर्णन वाचलं, तर पंचांनी अन्याय केला असं वाटेल. त्या काळच्या खेळात पकडलेल्या माणसाला उचलून, ढकलून मागे नेणं हा रोजचा प्रकार होता. टचबॅक की सेफ्टी हा प्रश्न कुठल्याही जुन्या सामन्यात आला, की एवढंच विचारा: चेंडू गोलरेषेमागे शेवटचा कुणाच्या बळाने गेला आणि त्याआधी तो मैदानात होता का?

या निकालाने मिशिगनची ५६ सामन्यांची अपराजित मालिका संपली. ती मालिका 'सलग ५६ विजय' म्हणून लिहिलेली पुष्कळदा आढळते. ते चूक आहे. त्यात २९ विजय, मग ३१ ऑक्टोबर १९०३ ची मिनेसोटाशी ६-६ बरोबरी, मग २६ विजय असा क्रम आहे. तेव्हा जादा वेळ नव्हता, बरोबरी ही बरोबरीच राहत असे. म्हणून जुना हंगाम तीन आकड्यांत लिहितात: १९०३ चा मिशिगन ११-०-१, म्हणजे विजय, पराभव, बरोबरी या क्रमाने.

प्रतिस्पर्धी कोण होते

एका संघाच्या यादीत विद्यापीठ, शेजारचं कॉलेज, वैद्यकीय शाळा, माजी विद्यार्थ्यांचा संघ, गावचा ॲथलेटिक क्लब आणि कधी हायस्कूलसुद्धा असे. सरावाचा सामना कुठला आणि हंगामात मोजायचा कुठला, याची रेषा प्रत्येक यादीकर्त्याने वेगळी आखली. त्यामुळे एकाच संघाचा एकाच वर्षाचा हिशोब दोन ठिकाणी एका सामन्याने वेगळा दिसतो. कुठली यादी बरोबर यावर वेळ घालवण्यापेक्षा फरकाचा सामना शोधा आणि टीप लिहा.

उलट प्रकारही घडतो. १९०४ च्या मिशिगनच्या यादीत दोन निकाल ७२-० आहेत, आणि दोन्ही वैद्यकीय कॉलेजांविरुद्ध. पाहणारा सहज एक ओळ 'पुनरुक्ती' म्हणून खोडेल. बेरीज करून बघा: केस ३३, ओहायो नॉर्दर्न ४८, कॅलमझू ९५, ७२, ओहायो स्टेट ३१, पुन्हा ७२, वेस्ट व्हर्जिनिया १३०, विस्कॉन्सिन २८, ड्रेक ३६, शिकागो २२. एकूण ५६७, आणि हंगामाचा मान्य आकडा तोच आहे. दोन्ही सामने झाले होते.

नावांची काळजी घ्या. १९०५ चं केस हे आज केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ आहे, आजचं मिशिगन स्टेट तेव्हा मिशिगन ॲग्रिकल्चरल कॉलेज म्हणून ओळखलं जाई. जुनं नाव ठेवा, आजचं टीपेत द्या. खेळाडूंच्या बाबतीत तर एकच नाव एकाच वर्षी दोन संघांत दिसलं, तरी ती दोन माणसं असतीलच असं नाही. पात्रतेचे नियम ढिले होते. सुरुवातीला सांगितलेल्या १८९६ च्या त्या सामन्यात लाफायेतकडून खेळलेला एक खेळाडू वेस्ट व्हर्जिनियातून ऐनवेळी आला होता आणि नंतर तिकडेच परतला. त्याचं नाव फील्डिंग योस्ट.

वेस्टर्न कॉन्फरन्स आणि 'राष्ट्रीय विजेता'

कॉन्फरन्स म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, आणि वेस्टर्न कॉन्फरन्स ही आजच्या बिग टेन या गटाची पूर्वज. १९०५ मध्ये नऊ सदस्य होते: शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू, विस्कॉन्सिन, इंडियाना, आयोवा. ओहायो स्टेट १९१२ मध्ये आलं, म्हणून वरच्या यादीतला त्यांचा ४०-० कॉन्फरन्समध्ये धरायचा नाही. मिशिगनचे कॉन्फरन्सचे सामने तीनच: इलिनॉय, विस्कॉन्सिन, शिकागो, म्हणजे २-१. शिकागो ७-०. सर्वांनी सारखे सामने खेळायचे अशी रीतच नव्हती, त्यामुळे क्रमवारी टक्क्यांवर लागे आणि दोन सामने खेळलेला संघ सात खेळलेल्याच्या बरोबरीला बसू शके.

'१९०५ चा राष्ट्रीय विजेता' असं लिहिलेलं दिसलं, तर कुणी ठरवलं ते विचारा. देशभरच्या बातमीदारांची एपी (असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची) क्रमवारी १९३६ मध्ये सुरू झाली. त्याआधीचे विजेते हेल्म्ससारख्या संस्थांनी आणि अभ्यासकांनी मागाहून नेमले. १९०५ साठी हेल्म्सने शिकागोला निवडलं, येललाही काही अभ्यासक मानतात. दोघेही अपराजित होते आणि एकमेकांशी खेळलेच नाहीत. वॉल्टर कॅम्प यांचा ऑल-अमेरिका संघ, म्हणजे त्यांनी निवडलेली देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी, मात्र त्याच वर्षी छापला जात असे. तो पूर्वेकडच्या कॉलेजांकडे झुकलेला असतो, आणि म्हणूनच त्यात शिकागोच्या एकरसॉलला १९०४ ते १९०६ अशी तीन वर्षं जागा मिळणं मोठी गोष्ट ठरते.

पुढचं पान उलटताना

१९०५ वरून १९०६ वर गेलात की आकडे एकदम कोसळतात. मिशिगनचे ४९५ गुण होतात ७२, सामने १३ वरून ५. संघ बिघडला असा निष्कर्ष काढू नका. ९ ऑक्टोबर १९०५ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना खेळातल्या हिंसेबद्दल व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. डिसेंबरअखेर न्यूयॉर्कमध्ये ६२ संस्थांची बैठक झाली, आणि तिच्यातून निघालेली कॉलेज खेळांची संघटना १९१० पासून एनसीएए म्हणून ओळखली जाते. १९०६ च्या नियमांत पुढे फेकण्याला परवानगी मिळाली, तीन डाउनमध्ये ५ ऐवजी १० यार्ड करणं भाग पडलं, सामना ६० मिनिटांवर आला. वेस्टर्न कॉन्फरन्सने त्याशिवाय हंगामाला पाचच सामन्यांची मर्यादा घातली. सरासरीत बोलायचं, तर १९०५ मध्ये सामन्याला ३८ गुण, १९०६ मध्ये १४ च्या थोडे वर. एवढी घसरण नियमांनी केली.

पहिल्या काही वर्षांतला पास आजच्यासारखा नव्हता, हेही नोंदवा. तो चेंडू जिथून खेळात आला त्या जागेच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला किमान ५ यार्डांवरूनच रेषा ओलांडू शकत असे. हे पंचांना दिसावं म्हणून मैदानावर उभ्या रेषाही आखत. क्वार्टरबॅकच्या धावेसाठी त्या १९०३ पासूनच होत्या, आणि ५ यार्डांची अट गेल्यावर १९१० मध्ये त्याही गेल्या. तारीख नसलेल्या छायाचित्रात मैदान बुद्धिबळाच्या पटासारखं चौकटींचं दिसलं, तर ते १९०३ ते १९०९ मधलं समजा.

शेवटची सूचना पश्चिम किनाऱ्याबद्दल, कारण तिथे मोठी गफलत होते. १९०५ च्या वादानंतर स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोघांनी फुटबॉल सोडून रग्बी धरलं. १९०६ पासून त्यांच्या यादीतले निकाल रग्बीचे आहेत आणि वरचं कुठलंच गुणमूल्य त्यांना लागू नाही. कॅलिफोर्निया १९१५ मध्ये परत फुटबॉलकडे आलं, स्टॅनफर्ड त्याहून उशिरा. त्या वर्षांत ३ गुण दिसले तर दचकू नका, ते रग्बीचे असतील. कोलंबियाच्या यादीत १९०६ ते १९१४ ही वर्षं मुळातच नाहीत, कारण त्यांनी खेळ बंद केला होता. तिथे तक्त्यात शून्य लिहायचं नाही, रकाना कोरा ठेवून 'संघ नव्हता' अशी टीप द्यायची.